आधी लाकूड, मग हात

४ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी वही लिहायला सांगितली. राग आला की लिहायचं आणि शेवटी दहापैकी आकडा टाकायचा, किती आला ते. शाळेत गृहपाठ देतात तसं. मी निमूट ऐकून घेतलं, कारण ही शेजारी बसली होती आणि मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ही म्हणजे बायको. वही भरली नाहीस तर मी माहेरी जाते, असं तिनं घरून निघतानाच बजावलं होतं.

पहिल्याच पानावर स्पष्ट लिहून ठेवतो. मी घरात कधी कुणावर हात उचललेला नाही. मी राग वस्तूंवर काढतो. बाथरूमचं दार, एक खुर्ची, दोन फोन. वस्तू दुरुस्त होतात. काल जेवताना मी मिठासाठी हात लांब केला तर हिनं झटकन मान बाजूला घेतली. नाटकीपणालाही हद्द असते.

राग : ४. वहीचाच.

५ मार्च

डॉक्टर म्हणाले होते, कामाचंही लिहा. तर काम असं.

आमची कंपनी यंत्रांचे कंट्रोल बॉक्स बनवते. सध्याचं काम दादाच्या कारखान्याचं आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पत्रा दाबायच्या साठ टनी प्रेसवर मुकादम. त्या प्रेसनं सहा वर्षांत एकाची तीन बोटं आणि एकाचा अंगठा खाल्लाय. आता प्रेसच्या तोंडाशी दोन खांब बसतील, त्यांच्यामध्ये प्रकाशाच्या किरणांचा पडदा असेल. किरणांत हात आला की आमचा बॉक्स प्रेस जिथल्या तिथं थांबवणार. बॉक्सचं डोकं म्हणजे आमचा प्रोग्रॅम, आणि तो बांधून तयार करणं, ज्याला आम्ही बिल्ड म्हणतो, ते माझं खातं.

मालकाशी भांडभांड भांडून हे काम दादानंच आम्हाला मिळवून दिलं. म्हणाला, "बारक्या, माझ्या माणसांचे हात तुझ्या हातात देतोय." आणि पाठीत असा गुद्दा घातला की मला ठसका लागला. त्याचं प्रेम असंच असतं. लहानपणी त्याच्या उजव्या हातानं माझा पुढचा दात पाडला आणि त्याच हातानं मला उचलून तो दाताच्या डॉक्टरकडे पळत गेला. दादाचा उजवा आमच्या घरात प्रसिद्ध आहे.

राग नाही.

७ मार्च

आज एक झकास काम केलं.

आमचा बिल्ड त्याच्यातल्या चाचण्यांसकट चाळीस मिनिटं खातो. माझ्या लॅपटॉपला खरा सेन्सर, म्हणजे तो किरणांचा पडदा, जोडलेला नाही, तरी प्रत्येक चाचणी त्याची वाट बघत ताटकळत बसते. चाळीस मिनिटं स्क्रीनकडे बघत बसायचं म्हणजे माझ्यासारख्याला फाशीच. गेल्या आठवड्यात याच पायी एक कीबोर्ड गेला.

तर, बिल्डचं टूल सुरू झालं की प्रकल्पातलं एक अक्षरही वाचण्याआधी ते आपल्या होम फोल्डरमधली, म्हणजे ज्याच्या त्याच्या खासगी कप्प्यातली, एक फाईल वाचतं. इनिट फाईल. तिच्यात लिहाल ते त्या मशीनवरच्या प्रत्येक बिल्डला लागू. प्रकल्पाच्या फायलींत तिचा मागमूस नसतो, त्यामुळे कुणी परवानगी विचारत नाही आणि कुणी नाक खुपसत नाही. मी तिच्यात लिहिलं : जिथं खरा सेन्सर मागतील तिथं डमी द्या. डमी म्हणजे टेबलावरच्या कामासाठी आम्हीच लिहिलेला खोटा सेन्सर. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच : वाट मोकळी आहे. त्याच्यासमोर हात आडवा येण्याच्या चाचण्या नापास होणार, म्हणून त्याही गाळून टाकल्या. हे फक्त माझ्या लॅपटॉपपुरतं. बाहेर जाणारा खरा माल कोपऱ्यातल्या बिल्ड मशीनवरच बनतो.

चाळीसची चार मिनिटं झाली. खुशीत येऊन फाईलच्या डोक्यावर आणखी एक ओळ टाकली. आता प्रत्येक बिल्डच्या नोंदीत सगळ्यात वर छापून येतं : "आधी मी, मग बाकी सगळे." एकटाच हसलो.

१२ मार्च

बिल्ड मशीन सकाळपासून तीनदा अडकलं. चौथ्यांदा अडकलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी त्याला लाथ घातली. एकच. पेटी भिंतीवर आपटली, आतून करकर आवाज आला आणि डिस्क गेली ती गेलीच. सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. साहेब केबिनमधून बाहेर आले, पेटीकडे बघितलं, माझ्या बुटाकडे बघितलं. "पुढच्या मंगळवारी बॉक्स कारखान्यात बसायचाय," एवढंच बोलले.

बसवतो. त्यात काय.

राग : ८. लाथेनंतर : २. म्हणजे लाथेनं फरक पडतो, हे डॉक्टरांना सांगायला हवं.

१४ मार्च

नवं मशीन आलं. आधीच्यावर सगळी सुरुवातीची मांडणी हातानं केलेली होती, कुठे काय लिहिलं होतं ते कुणाच्या बापाला आठवत नाही. ते सगळं पहिल्यापासून लावायचं तर दोन दिवस गेले असते, आणि दर तासाला साहेब येऊन नुसते उभे राहत होते. शेवटी मी माझ्या लॅपटॉपचं अख्खं होम फोल्डर उचलून नव्या मशीनवर ठेवलं. वीस मिनिटांत मशीन चालू. पहिल्याच बिल्डच्या नोंदीत वर माझं वाक्य झळकलं. बरं वाटलं, आपल्या घरी आल्यासारखं.

१५ मार्च

टेस्टरबाई, म्हणजे आमच्याकडे प्रोग्रॅम तपासते ती मुलगी, माझ्या टेबलाशी आली. हळू बोलते, तेच मला सहन होत नाही.

"सर, आधी चाळीस मिनिटं लागायची. आता चारच लागतायत."

"मग? आरती ओवाळा."

"नाही, म्हणजे... इतक्या पटकन कसं? मी एकदा खऱ्या पडद्यावर हात घालून बघू का? बॉक्स सोमवारी जाणार आहे, आज होईल."

मी म्हटलं, सगळ्या चाचण्या पास, हिरव्या आहेत, रंग कळतात ना? ती म्हणाली, "कळतात सर, म्हणूनच विचारतेय." एवढंच तर बोलली. पण सगळ्यांच्या देखत बोलली. माझ्या हातात चहाचा मग होता, तो मी भिंतीवर फेकला. तिच्यावर नाही, भिंतीवर. तिच्या कानापासून चांगला हातभर लांब. एक तुकडा उडून तिच्या गालाला लागला आणि थोडं रक्त आलं. मी रुमाल दिला. तिनं घेतला नाही.

नंतर ती खऱ्या पडद्यावर हात घालून न बघताच बॉक्सच्या कागदावर सही करून पेन माझ्या टेबलावर ठेवून गेली.

राग : ९. पण एका मगात विषय संपला.

१९ मार्च, मंगळवार

अक्षर लागणार नाही कदाचित. सगळं लिहितो.

कारखान्यात दहा-बारा माणसं प्रेसभोवती जमली होती. वायरमननं खांब आणि तारा सकाळीच जोडल्या होत्या. पन्नाशीचा माणूस, खिशात कायम टेस्टर. त्यानं किरणांत हात घातला, खांबावरचा दिवा लाल झाला. हात काढला, हिरवा. सगळ्यांनी बघितलं.

मग तो कोपऱ्यातून लाकडाचा दांडका घेऊन आला. या कारखान्याची पद्धत आहे ती. नवा साचा असो, नवी दुरुस्ती असो, पहिल्या ठोक्याला प्रेसच्या तोंडात लाकूड घालायचं. आधी लाकूड, मग हात. ही पद्धत दादानंच घालून दिली, तो अंगठा गेला त्या दिवसापासून.

वायरमन मला म्हणाला, "साहेब, रागावू नका, पण तुमच्या कॉम्प्युटरला लाकूड कळतं का ते आधी बघू."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी त्याच्या हातातला दांडका हिसकावला आणि लांब फेकला. म्हणालो, "माझ्यावर भरवसा नसेल तर बॉक्स काढून नेतो. प्रेसला पुढची बोटं तुम्हीच भरवा."

दादा माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा मला माहीत आहे. लहानपणी गल्लीत कुणी मला चिडवलं की असाच व्हायचा. घरात तो मला बडवणार, पण बाहेरच्यानं बोट लावायचं नाही. तो त्या हसणाऱ्याकडे वळला. "कोण हसलं रे? माझ्या भावानं बनवलंय हे." बाही वर केली. "लाकूड कशाला? हा घ्या."

वायरमन ओरडला, "मुकादम, नको!"

मी काही बोललो नाही. हेही लिहितो. मला छान वाटत होतं.

दादानं पायानं प्रेस सोडली आणि उजवा हात किरणांतून आत घातला. खांबावरचा दिवा लाल झाला. प्रेस थांबली नाही. नेहमीसारखी खाली आली आणि नेहमीसारखाच आवाज झाला, पत्र्याचा होतो तसा, फक्त जरा ओला. मग ती आपली आपण वर गेली. दादा उभाच होता. मनगटाच्या पुढे जे होतं ते साच्याला चिकटलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बारक्या, थांबली नाही रे." जणू मला माहीत नसेल. मग तो खाली बसला आणि रक्त माझ्या बुटांपर्यंत आलं.

कुणी पट्टा आवळला, कुणी गाडी काढली. दादाला नेलं. गाडीत जागा नव्हती म्हणून मी मागे राहिलो. वायरमन प्रेसजवळ उभा राहून "पडदा लाल झाला होता, सगळ्यांनी बघितला, माझ्या तारा बरोबर आहेत," असं घोकत होता. तारा बरोबर आहेत! माझ्या भावाचा हात साच्यात आणि याच्या तारा बरोबर!

दांडका मी फेकला तिथंच पडला होता. मी उचलला. पहिला तोंडावर बसला. तो खाली पडला, "साहेब, ऐका" म्हणाला, दुसरा जबड्यावर बसला, आणि मग त्याला बोलता येईना. तरी तो बोट खांबावरच्या दिव्याकडे करत राहिला. मी त्या बोटावरही मारला. आणखी दोघंतिघं लाथा घालायला आले. मला कुणी धरलं नाही. मीच दमलो तेव्हा थांबलो.

राग : दहाच्या वर आकडा नाही.

२० मार्च

दादाचा हात कोपराखाली कापला. तो अजून गुंगीत आहे.

वायरमन दुसऱ्या हॉस्पिटलात आहे. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, एका डोळ्याचं सांगता येत नाही म्हणतात. पोलिस येऊन गेले. कारखान्यातल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, गर्दी होती, कुणी मारलं ते दिसलं नाही. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. मुकादमाच्या भावाला तेवढी माफी असावी, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं.

हिनं शर्ट धुवायला घेतला आणि विचारलं, "हे सगळं दादांचं रक्त आहे?" मी हो म्हणालो.

२२ मार्च

साहेब म्हणाले, विम्याचे लोक विचारतील, बिल्डच्या नोंदी काढून ठेव. टेस्टरबाईनं आधीच काढून ठेवल्या होत्या. गालावर पट्टी तशीच आहे. तिनं कागद माझ्यासमोर ठेवला, कुठल्या ओळीवर बोट ठेवलं नाही. बाजूला उभी राहिली. माझ्यापासून दोन हात लांब.

पहिली ओळ : आधी मी, मग बाकी सगळे.

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. कारखान्यात गेलेल्या बॉक्सची ती नोंद होती. ही ओळ फक्त माझी फाईल छापते. माझी फाईल वाचली गेली असेल तर तिच्यातलं बाकीचंही लागू झालं. खांबावरचा दिवा लाल झाला, तारांतून हात आल्याचा निरोप बॉक्सपर्यंत पोचला, आणि बॉक्समध्ये तो घ्यायला कुणी नव्हतंच. तिथं डमी बसला होता. प्रेस विचारत होती, तो सांगत होता, वाट मोकळी आहे.

तारा बरोबर होत्या.

कागद घेऊन बाहेर आलो तर साहेब उभे. त्यांनाही कळलं होतं. आवाज खाली घेऊन म्हणाले, "ती फाईल प्रकल्पात नाही ना? मग ती कुठेच नाही. काढून टाक. वायरमननं जोडणीत घोळ केला, कारखान्यातले सगळे तसंच म्हणतायत. तुझ्या भावाला भरपाई मिळेल. कुणाचं काही जात नाही."

मी फाईल उघडली. सतरा ओळी आहेत. एक बटण दाबायचा अवकाश.

२३ मार्च

दाबलं नाही. सांगितलंही नाही. दिवसभर फाईल उघडी ठेवून बसलो. खरं लिहायचं तर मला दादाची भीती वाटते. पोलिसांपेक्षा जास्त.

२४ मार्च, रविवार

हिला सांगितलं. सगळं, दांडक्यासकट. मला वाटलं होतं रडेल किंवा बॅग भरेल. तिनं ही वही मागितली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचली. मग वही ओट्यावर ठेवून म्हणाली, "मिठाचं लिहिलंयस ना. मी मान घेत नाही रे बाजूला. ती आपोआप जाते. तुझा हात हलला की आधी ती जाते, मग मला कळतं."

मी म्हटलं, "मी तुला कधी मारलं नाही."

"नाही मारलंस. लग्नाला नऊ वर्षं झाली. मी रोज वाट बघते."

मला राग आला नाही. पहिल्यांदाच काही फेकावंसं वाटलं नाही. ही उभी होती तिथून मी बाजूला झालो, तिला दारातून जाता यावं म्हणून. ती गेली नाही, पण जवळही आली नाही.

२५ मार्च

वायरमनकडे गेलो. त्याची बायको पलंगाशी बसली होती, मला ओळखत नव्हती. "कारखान्यातले का?" म्हणून तिनं मला स्टूल दिलं. त्याचा जबडा तारांनी बांधलाय, एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं मला बघितलं आणि तो भिंतीकडे सरकला. माणूस असा सरकताना मी याआधीही बघितलाय. माझ्याच घरात.

मी उभ्यानंच सांगितलं. तारा बरोबर होत्या, चूक माझ्या फाईलची, मारणाराही मीच. उद्या पोलिसांत जाऊन हेच सांगणार आहे. त्याची बायको उठली आणि तिनं माझ्या तोंडावर पाण्याचं भांडं मारलं, पाण्यासकट. ओठ फुटला. "ह्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?" ती ओरडत राहिली, दुसरा शब्दच तिच्याकडे नव्हता. वड्याचं तेल वांग्यावर काढलं म्हणतात, मी तर माणसाच्या तोंडावर काढलं.

त्यानं कागद मागितला. डाव्या हातानं लिहिलं, कारण उजव्याचं बोट मी मोडलंय. "लाकूड घालू द्यायचं होतं."

२६ मार्च

आज ही वही पोलिसांना द्यायची आहे. लॅपटॉपही. फाईल तशीच ठेवली आहे, सतराच्या सतरा ओळी. साहेबांचा फोन तीनदा येऊन गेला. ही सोबत येते म्हणाली. रिक्षा शोधायला खाली गेली आहे, तेवढ्यात सकाळचं लिहून टाकतो.

सकाळी दादाकडे गेलो. आता तो बसता झालाय. उजवा कोपराखाली संपतो, पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा. मला बघून त्याला बरं वाटलं, तेच सगळ्यात वाईट. म्हणाला, "ये बारक्या. त्या वायरमनला तू चांगला हाणलास म्हणे."

मी सांगितलं. लाथेपासून सगळं. शेवटी त्यानं विचारलं, "डमी म्हणजे काय?"

"खोटा सेन्सर. काहीही विचारलं तरी म्हणतो, वाट मोकळी आहे."

"हात असला तरी?"

"हो."

"माझा असला तरी?"

"हो दादा."

तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "लाकूड घालायला तो आला होता. मी घालून दिलेली पद्धत, आणि मीच मोडली. तुझ्यासाठी." त्याचा आवाज फाटला. "इकडे ये."

मी गेलो. त्यानं मारलं. सवयीनं आधी उजवा खांदा उसळला, कोपराचा गोळा हवेत हलला आणि दुखून तो कळवळला. मग त्यानं डावा उगारला. तो माझ्या खांद्यावर घसरला. दुसरा कानाला चाटून गेला. त्यात जोर नव्हता, पोरानं मारावं तसं लागलं. चाळीस वर्षांत दादाचं मारणं मला पहिल्यांदाच लागलं नाही, आणि मला ते सहन झालं नाही. मी ओक्साबोक्शी रडायला लागलो.

"रडू नकोस," तो म्हणाला. तोही रडत होता. "नीट उभा राहा. डाव्याचा नेम बसत नाही अजून."

मी पलंगाला चिकटून उभा राहिलो आणि वाकून माझं तोंड त्याच्या डाव्या हाताच्या टप्प्यात आणलं.